अंदमानची सुट्टी आणि टाळलेला रस्ता



'फिरायला जाणे' हा शब्द आपल्या घरांत तसा उशिराच आला. आपले फिरणे म्हणजे भावकीतले लग्न, कुणाचे बारसे, कुणाची मयत आणि मे महिन्यात मुलांना घेऊन गाव. हवापालट ही साहेबांच्या घरची गोष्ट. आम्ही बत्तीस वर्षे पोस्टात टपाल वाटले. काश्मीरची, उटीची, सिंगापूरची रंगीत पोस्टकार्डे आमच्या पिशवीतून दारोदार गेली. 'इथे फार मजा आहे' एवढेच त्यावर लिहिलेले असायचे. आमच्या स्वतःच्या नावाचे तसे कार्ड कधी आले नाही, आणि यावे असे मनातही कधी आले नाही.

गेल्या वर्षी थोरल्या मुलीने विषय काढला. ती दवाखान्यात नर्स आहे. म्हणाली, "बाबा, रिटायर व्हायला दोन वर्षे राहिली. एलटीसी दरवेळी वाया घालवता. यंदा आईला घेऊन अंदमानला जा." मुलांची आई लगेच म्हणाली, "त्या पैशात न्हाणीघराच्या फरशा होतील." चार दिवस घरात फरशा आणि अंदमान असा वाद चालला. शेवटी फरशा राहिल्या आणि डिसेंबरात आम्ही दोघे निघालो. लग्नाला एकतीस वर्षे झाली होती आणि दोघांनीच केलेला हा पहिला प्रवास.

आपल्या वाचकांत केंद्र सरकारच्या नोकरीतले बरेच बांधव आहेत, म्हणून थोडी उपयोगाची माहिती. एरवी ज्यांना विमानाचा हक्क नाही, अशा कर्मचाऱ्यांनाही अंदमानसाठी खास सवलत मिळते. चेन्नई, कोलकाता किंवा विशाखापट्टणमपर्यंत आपल्या हक्काच्या वर्गाने रेल्वे आणि तिथून पुढे विमान. ही सवलत मुदतीची असते आणि सरकार ती वेळोवेळी वाढवते, तेव्हा अर्जापूर्वी कार्यालयात ताजे परिपत्रक पाहावे. विमानाचे तिकीट सरकारने ठरवून दिलेल्या एजन्सीकडूनच काढावे, नाहीतर बिल अडकते. एलटीसी घेताना दहा दिवसांच्या अर्जित रजेचे पैसेही मिळतात. मात्र सरकार देते ते फक्त भाडे. राहणे, जेवणे आणि तिथले हिंडणे आपल्या खिशातून. आम्ही त्यासाठी दीड वर्ष दर महिन्याला थोडे थोडे बाजूला टाकले होते.

चेन्नईपर्यंत रेल्वेने जवळजवळ एक दिवस आणि पुढे विमानाने सव्वादोन तास. खिडकीतून खाली नुसते पाणी. मग एकदम हिरवी बेटे दिसू लागली, आणि हिरवी म्हणजे काठापर्यंत हिरवी. अंदमान-निकोबारमध्ये लहानमोठी आठशेहून अधिक बेटे आहेत, पण माणसांची वस्ती जेमतेम तीस-एकतीस बेटांवर. पोर्ट ब्लेअरचे नाव २०२४ साली श्री विजयपुरम झाले. रिक्षावाले मात्र अजून ब्लेअरच म्हणतात.

पहिल्या दिवशी सेल्युलर जेल पाहिला. १८९६ साली बांधकाम सुरू झाले आणि १९०६ साली पुरे झाले. मधल्या मनोऱ्यातून चाकाच्या आऱ्यांसारख्या सात इमारती निघाल्या होत्या, त्यांतल्या तीनच आता उभ्या आहेत. कोठड्या सातशेच्या आसपास. एका इमारतीचे तोंड दुसरीच्या पाठीकडे केलेले, म्हणजे कैद्याला दुसऱ्या कैद्याचे तोंड दिसू नये. मुलांची आई एका कोठडीत जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "मारपीट एक वेळ माणूस सोसेल. पण माणसाला माणूस दिसू द्यायचा नाही, ही शिक्षा कुणाच्या डोक्यातून निघाली असेल?" हे वाक्य पुढे सबंध प्रवासभर आमच्याबरोबर राहिले.

दुसऱ्या दिवशी सरकारी बोटीने अडीच तासांत हॅवलॉक बेटावर पोचलो. त्याचे नाव २०१८ पासून स्वराज द्वीप आहे. मुलीने तिथल्या एका रिसॉर्टमध्ये तीन रात्रींची खोली घेऊन ठेवली होती. नारळीच्या बागेत लाकडी झोपड्या, पुढे समुद्र. झोपडी म्हणायची, पण आत एसी, काचेचे न्हाणीघर आणि इतक्या जाड गादीचा पलंग की आम्ही बसलो ते आत गेलो. पलंगावर टॉवेलांचे दोन हंस करून ठेवले होते. मुलांच्या आईने ते जपून उचलून खुर्चीवर ठेवले. म्हणाली, "कुणी एवढ्या मेहनतीने केलेत, मोडायचे कसे?"

खरी अडचण सकाळी आली. खोली आवरायला मुलगा आला तेव्हा हिने पलंग झटकून, चादर घडी करून, कपबशा विसळून ठेवल्या होत्या. तो बिचारा दारातच उभा राहिला. म्हणाला, "आंटी, आप सब कर दोगे तो मैं क्या करूँगा?" ही म्हणाली, "बेटा, आदत है." ती वीस वर्षे दुसऱ्यांच्या घरची धुणीभांडी करीत होती. आपण बसलेले असताना दुसऱ्याने केर काढावा हे तिला बघवेना.

आम्हालाही ते पाहून बरे वाटेना आणि रागही येईना. दिवसभर विचार केला. कष्टकऱ्याला सुट्टी घेण्याचा हक्क आहे की नाही? आहे. मग कुणीतरी आपल्या ताटात वाढणार, आपली खोली झाडणार, हे आलेच. त्यात लाज नाही. लाज आहे ती वाढणाऱ्याचे तोंड न पाहण्यात. संध्याकाळी आमची तडजोड झाली. पलंग त्याने करायचा आणि हिने त्याला बसवून घरून आणलेल्या चकल्या खायला घालायच्या. तीन दिवस तो नियम पाळला गेला.

अशा गप्पांतून त्याची हकीकत कळली. अंदमानात सगळे हिंदी बोलतात, त्यामुळे आपल्याला बोलायला अडचण येत नाही. त्याच्या पणजोबांना इंग्रजांच्या काळात छोटा नागपूरहून जंगल तोडायला आणले. ओराव, मुंडा, खडिया असे हे लोक १९१८ पासून येत गेले. तिथे सगळ्यांना सरसकट 'रांची' म्हणतात, जणू शहराचे नाव हीच त्यांची जात. झारखंडात हे आदिवासी म्हणून यादीत आहेत, अंदमानात नाहीत. आणखी एक गोष्ट ऐकून आम्ही चकित झालो. अंदमान-निकोबारमध्ये अनुसूचित जातींची यादीच नाही. जुन्या कैद्यांच्या वंशजांना तिथे 'लोकल बॉर्न' म्हणतात. त्या कैद्यांत जात-धर्म न पाहता बरीच लग्ने लागली. काळ्या पाण्याच्या शिक्षेने जे साधले ते आपल्या गावगाड्याला हजार वर्षांत साधले नाही, असे आमच्या मनात येऊन गेले. असो.

आता जंगलाविषयी. आपण सह्याद्रीचे जंगल पाहिलेले असते. पावसाळ्यात हिरवे आणि उन्हाळ्यात करपलेले. इथले जंगल बाराही महिने हिरवे आणि इतके दाट की दुपारी बारा वाजता आत संध्याकाळ वाटते. हॅवलॉकच्या रस्त्यावरून एलिफंट बीचला जंगलातून पायवाट जाते. सोबत वाटाड्या होता. आभाळाला टेकलेली गर्जन आणि पडौकची झाडे, त्यांच्या बुंध्याभोवती भिंतीसारख्या उभ्या मुळ्या. एका मुळीच्या आडोशाला आम्ही दोघे उभे राहिलो तर वाटाड्याला दिसेनासे झालो. आदल्या रात्री सर पडून गेलेली, त्यामुळे वाट निसरडी. मुलांची आई दोनदा घसरली आणि दोन्ही वेळा हसत उठली. आम्ही एकदाच घसरलो, पण आम्हाला हसू आले नाही.

या जंगलात वाघ-बिबट्या नाही. हरणे आहेत ती इंग्रजांनी आणून सोडलेली. हत्तीही मूळचे नव्हेत. लाकडाचे ओंडके ओढायला त्यांना मुख्य भूमीवरून आणले. लाकूडतोडीला आळा बसल्यावर हत्ती बेकार झाले. त्यांतला राजन नावाचा हत्ती समुद्रात पोहायचा आणि त्यामुळे जगभर गाजला. २०१६ साली तो हॅवलॉकवरच मेला. वाटाड्याने हे सांगितल्यावर आम्ही म्हटले, चला, एका तरी कामगाराचे म्हातारपण समुद्रकाठी गेले.

वाट संपली तशी पाणथळ आली आणि मग समुद्र. काठावर मोठमोठी झाडे पांढरी पडून आडवी झालेली. २६ डिसेंबर २००४ च्या सुनामीची ती खूण, असे वाटाड्या म्हणाला. तिथे अंगात हवेचे जाकीट घालून, तोंडात नळी धरून पाण्याखालचे पोवळे पाहता येते. मुलांची आई पंजाबी ड्रेसमध्येच पाण्यात उतरली. आम्ही काठावरून "जपून, जपून" ओरडत होतो. वीस मिनिटांनी बाहेर आली ती डोळे मोठे करून. "अहो, निळे, पिवळे, पट्ट्यापट्ट्यांचे मासे! आपल्या लोकलसारखी गर्दी, पण कुणी कुणाला ढकलत नाही." मग आम्हीही उतरलो. पोवळ्यावर पाय देऊ नये, ते जिवंत असते, एवढे मात्र सर्वांनी ध्यानात ठेवावे. शिंपले आणि पोवळे घरी आणायलाही बंदी आहे. विमानतळावर पिशव्या तपासतात.

संध्याकाळी राधानगरच्या किनाऱ्यावर बसलो. अंदमान आपल्यापासून फार पूर्वेला, घड्याळ मात्र एकच. त्यामुळे डिसेंबरात पाच वाजून गेले की सूर्य बुडतो. एवढ्या लवकर कामावरून सुटल्यासारखे वाटले.

इथवर सगळे आनंदाचे. आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला ते सांगतो.

पोर्ट ब्लेअरला परत आल्यावर सहलीच्या दलालाने तिसऱ्या दिवसाचा कार्यक्रम समोर ठेवला : बाराटांग. चुन्याच्या गुहा, खारफुटीतून बोटीची फेरी, चिखलाचा ज्वालामुखी. पहाटे तीनला निघायचे. पाहण्यासारखे ठिकाण आहे यात शंका नाही. पण दलाल आवाज खाली आणून म्हणाला, "रास्ते में जारवा भी दिख सकते हैं. नसीब की बात है." शेजारच्या खोलीतले एक मराठी कुटुंब आदल्या दिवशी जाऊन आले होते. त्यांचा मुलगा हिरमुसला होता. म्हणाला, "आम्हाला एकपण दिसला नाही." जसे ताडोबाहून परतताना वाघाविषयी म्हणतात, अगदी तसे.

जारवा ही अंदमानची मूळ माणसे. ते स्वतःला 'आंग' म्हणवतात, जारवा हे नाव दुसऱ्यांनी दिलेले. हजारो वर्षे ते या जंगलात शिकार, मासे, मध आणि कंदमुळांवर राहत आले. २०११ च्या जनगणनेत त्यांची संख्या ३८० होती. एका चाळीत मावतील एवढी माणसे. त्यांच्यासाठी राखलेल्या हजाराहून अधिक चौरस किलोमीटरच्या जंगलातून अंदमान ट्रंक रोड गेला आहे. या जमातींच्या रक्षणाचा कायदा १९५६ सालचा. २००२ साली सर्वोच्च न्यायालयाने राखीव जंगलातला हा रस्ता बंद करावा असे सांगितले, पण वाहतूक चालूच राहिली. २०१२ च्या जानेवारीत एक चित्रफीत जगभर पाहिली गेली. तीत जारवा बायकांना खाण्याच्या मोबदल्यात पर्यटकांपुढे नाचायला लावलेले दिसत होते. २०१३ साली न्यायालयाने पर्यटकांना काही आठवडे बंदी केली, पुढे ती उठली. आता गाड्या पोलिसांच्या पहाऱ्यात, रांगेने जातात. थांबायचे नाही, फोटो काढायचा नाही, खायला द्यायचे नाही, असे नियम आहेत. नियम चांगलेच आहेत. पण सगळी गाडी काचेला नाक लावून बसते, त्याला नियम काय करणार?

शिवाय प्रश्न नुसत्या बघण्याचा नाही. बाहेरच्या माणसांचा सहवास वाढल्यावर १९९९ आणि २००६ साली जारवांत गोवराची साथ आली. आपल्या पोराला चार दिवस अंगावर पुरळ येते ते दुखणे अशा माणसांच्या जिवावर उठू शकते.

त्या रात्री आम्ही मुलांच्या आईला विचारले, "जायचे का?" ती बराच वेळ गप्प राहिली. मग तिने एकतीस वर्षांत कधी न सांगितलेली गोष्ट सांगितली.

ती नऊ वर्षांची असताना त्यांच्या वस्तीत शहरातून एक गाडी आली. माणसे चांगली होती, वस्तीची माहिती लिहून घेत होती. बरोबर कॅमेरा होता. फोटो काढणार म्हटल्यावर ही धावत घरात गेली आणि असलेला एकुलता धड फ्रॉक घालून, केस ओले करून विंचरून आली. त्यांनी तिला परत पाठवले. मघाचाच फाटका घालून ये म्हणाले. त्यांना फोटोत तसेच हवे होते. ती परत जाऊन फाटका फ्रॉक घालून आली. त्यांनी फोटो काढला, गोळ्या वाटल्या आणि गाडी गेली.

"त्यांनी वाईट काही केलं नाही," ती म्हणाली. "गोळ्या पण चांगल्या होत्या. पण मला कुणी नाव विचारलं नाही. त्या गाडीच्या काचेतून मी कशी दिसले असेन ते मला अजून दिसतं. आता मी त्या काचेच्या आत बसून जाऊ?"

आम्ही दलालाला नकार दिला. आगाऊ दिलेले पैसे पूर्ण परत मिळाले नाहीत. ते गेले म्हणून हळहळ वाटली नाही असे म्हटले तर खोटे होईल.

इथे दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. रिसॉर्टमधल्या त्या मुलाचे घर बाराटांगलाच आहे. त्याची आई आजारी पडली की त्याच रस्त्याने बसमधून पोर्ट ब्लेअरच्या दवाखान्यात येते. रंगत, मायाबंदर, दिगलीपूर इथल्या लोकांचेही तेच. ते काही तमाशा बघायला जात नाहीत. त्यांना रस्ता लागतो आणि त्यांना दोष देण्याचा आम्हाला अधिकार नाही. तो मुलगा म्हणाला होता, त्याची आई त्या पट्ट्यात बस शिरली की डोळे मिटून घेते. "वो भी किसी का घर है," असे ती म्हणते. बाराटांगला कुणी जाऊच नये असा फतवा आम्ही काढत नाही. गरजेने जाणारा आणि बघायला जाणारा यांत फरक आहे, एवढेच आमचे म्हणणे. आमची गरज नव्हती.

मग तो दिवस कसा घालवला? चॅथमच्या धक्क्यावरून बोटीने बांबू फ्लॅटला गेलो. चॅथमला १८८३ सालची लाकूड कापण्याची गिरणी आहे. जवळच १९४२ च्या बॉम्बने पडलेला खड्डा जपून ठेवला आहे. पलीकडे सुमारे पावणेचारशे मीटर उंचीचा माउंट हॅरिएट. १८९१ च्या युद्धानंतर मणिपूरच्या राजाला आणि त्याच्या सोबत्यांना तिथे कैदेत ठेवले होते, म्हणून २०२१ साली त्याचे नाव माउंट मणिपूर झाले. याच डोंगराच्या पायथ्याशी ८ फेब्रुवारी १८७२ रोजी शेर अली नावाच्या कैद्याने व्हाइसरॉय लॉर्ड मेयोला ठार केले. वर राखीव जंगल आहे आणि त्यातून काळापत्थरपर्यंत पायवाट जाते. तेच दाट झाड, तीच ओली हवा, पोपटांचे थवे. आम्ही दोघे आणि एक वनरक्षक. दोन तास चाललो. कुणाच्या घरात डोकावलो नाही, आणि पाहायचे काही राहून गेले असेही वाटले नाही.

वाटेत एका जागी खाली समुद्र, नारळीचा किनारा आणि दीपगृह दिसते. वनरक्षकाने विचारले, "बीस का पुराना नोट है?" मुलांच्या आईच्या बटव्यात निघाली. तांबूस रंगाच्या त्या नोटेच्या पाठीवर हेच दृश्य छापलेले! नव्या नोटेवर आपले वेरूळ आहे. इतकी वर्षे अंदमान हिच्या कनवटीला होते आणि भाजीवाल्याला देऊन टाकीत होती, असे म्हणून ती किती तरी वेळ हसली.

परतण्याआधी पोर्ट ब्लेअरच्या टपाल कार्यालयात गेलो. एक पोस्टकार्ड घेतले आणि आपल्याच पत्त्यावर टाकले. काय लिहायचे हे आम्ही तिच्यावर सोपवले. आम्ही घरी पोचल्यावर काही दिवसांनी ते आले. आमच्याच कचेरीतल्या तरुण पोस्टमनने वाचून दाखवत दिले : "समुद्र पाहिला. जंगल पाहिले. चकल्या संपल्या. सगळी माणसे चांगली आहेत."

वाचकहो, जमेल तेव्हा, जमेल तिथे सुट्टीला अवश्य जा. अंदमान नाही जमले तर दापोली, अलिबाग काही दूर नाही. आपल्या आयांनी आणि बायकांनी एखादे तरी ताट आयते जेवावे, एखादी सकाळ कामाच्या घाईवाचून पाहावी, हा त्यांचा हक्क आहे. फक्त गाडीच्या काचेतून बाहेर पाहताना आपण कधी काळी काचेच्या कोणत्या बाजूला होतो, ते विसरू नका. आपले प्रवासाचे अनुभव आम्हाला जरूर कळवा.

न्हाणीघराच्या फरशा पुढच्या बोनसला बसवण्याचे ठरले आहे.